बैलाचे खूर आणि मालकाच्या पिंढऱ्या

यवतमाळ जिल्ह्याच्या कोणत्याही बैलबाजारात जा, घेणारा माणूस आधी बैलाचे दात बघतो. दात पटले की अंगावरचे भोवरे. भोवरे शुभ निघाले की तो हेड्याला म्हणतो, "चालवून दाखव." बैल चालतो, वळतो, थांबतो. मग घेणारा खाली बसतो, खुराच्या फटीत बोट घालतो, मागच्या पायावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवतो, गुडघा दाबून बघतो आणि उठता उठता म्हणतो, "मागचा डावा आखडते." एवढ्या एका वाक्यावर हजार-दोन हजार उतरतात. पुढचं बोलणं रुमालाखाली बोटांनी होतं. हा सगळा वेळ घेणारा स्वतः एकाच पायावर भार देऊन उभा असतो, कारण त्याच्या दुसऱ्या पायाला मुंग्या आलेल्या असतात. तो पाय कोणी चाचपत नाही. आणि कोणी चाचपून भाव पाडला असता, तर त्याला फुकटातही गिऱ्हाईक मिळालं नसतं.

आमच्याकडे शरीरातही मानपान आहे. छातीत कळ आली की अख्खं घर गाडी करून यवतमाळला निघतं, वाटेत नातेवाइकांना फोन होतात, एखादा मामा तर डॉक्टरच्या आधी पोचतो. पाय दुखला तर मात्र निदान घरीच होतं. माणूस चालणारा असेल तर "चालून चालून दुखते", बसणारा असेल तर "बसून बसून दुखते", आणि धड चालत नाही, धड बसत नाही असा असेल तर "वय झालं". या निदानात चुकायला जागाच नाही. पायाला मान मिळतो तो फक्त कोणी वाकून नमस्कार करताना, आणि वाकणाऱ्याचे डोळे तेव्हा मिटलेले असतात.

घराबाहेरचं निदान पानठेल्यावर होतं. तिथला तज्ज्ञ प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन खर्रा घोटत असतो. घोटता घोटता तो पिंढऱ्यांची तक्रार ऐकून घेतो. तो म्हणतो कॅल्शियम कमी आहे. बाकावरचा म्हणतो वात आहे. तिसरा, जो कधीकाळी औषधाच्या दुकानात कामाला होता, तो म्हणतो पाणी कमी पडतं. मग तिघंही खर्रा तोंडात टाकतात, त्यामुळे पुढची चर्चा नाकातून चालते. पायाचं रक्त अडवणाऱ्या मंडळींत तंबाखूचा नंबर फार वरचा आहे, ही गोष्ट तेवढी तिथे निघत नाही. यजमानासमोर यजमानाची निंदा कशी करायची?

१९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर नावाच्या डॉक्टरने ऐन उमेदीतल्या पुरुषांच्या एका आजाराचं सविस्तर वर्णन केलं. हातापायाच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळी धरते, बोटं आधी निळी पडतात, मग काळी. रोगी जवळपास सगळे तंबाखूवाले. आपल्याकडे या आजाराने बिडी ओढणाऱ्यांना गाठलं. त्याच्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे तंबाखू पूर्ण बंद. कमी नव्हे, बंद. "दिवसाला दोनच" हे उत्तर डॉक्टर मोजतच नाहीत. बर्गरचा आजार विरळा, पण वय वाढताना पायाच्या धमन्यांत चरबीचा थर बसून त्या अरुंद होणं मात्र अजिबात विरळ नाही, आणि तिथेही बिडी-सिगारेट आणि साखर म्हणजे मधुमेह हे दोघे सगळ्यात पुढे. खर्ऱ्याला धूर नसतो, एवढाच त्याचा बचाव. निकोटिन तेच, आणि रक्तवाहिनी आवळायची त्याची सवयही तीच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. आमच्या विदर्भाने ती बातमी खर्रा घोटत घोटत वाचली.

आमच्या गल्लीत दारव्हा रोडला एक निवृत्त गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेली. नोकरीत बिडी ओढायचे. पोरांसमोर बरं दिसत नाही म्हणून बिडी सोडली आणि खर्रा धरला. याला ते व्यसनमुक्ती म्हणत. रोज संध्याकाळी दत्त चौकापर्यंत फेरी. पण फेरी कशी? दोनशे पावलांवर वायरिंगच्या दुकानापुढे थांबा, "काय भाऊ, बरं हाय का?" तिथून तेवढ्याच अंतरावर मेडिकलपुढे थांबा. मग पानठेला. मग पिठाची गिरणी. प्रत्येक ठिकाणी दोन-चार मिनिटं गप्पा आणि पुढे. मेडिकलवाल्याच्या आईच्या गुडघ्यापासून गिरणीवाल्याच्या पोराच्या बारावीपर्यंत त्यांना सगळं पाठ. गावात त्यांचं नाव झालं. माणूस केवढा मिळूनमिसळून आहे बघा! एकाने तर नगरपालिकेला उभे राहा म्हणून गळ घातली. उभं राहणं गुरुजींना जमतच होतं. अडचण चालण्याची होती.

हे ओळखलं ते त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी. त्यांचा तर्क साधा होता. "घरात दिवसाचे दोन शब्द बोलत नाहीत, आणि रस्त्यात चार ठिकाणी गप्पा? तोंडाचं नाही, याईच्या पायातच काही तरी हाय."

गुरुजींच्या पायात जे होतं ते वैद्यकाने पहिल्यांदा माणसात नव्हे, घोड्यात ओळखलं. १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने एका गाडीच्या घोडीची हकीगत लिहिली. ती निघताना चांगली धावे, थोड्या वेळाने मागचे पाय लुळे पडत, उभी केली की पुन्हा ठीक, जुंपली की पुन्हा तेच. घोडी मेल्यावर उघडून पाहिलं तर मांडीच्या धमन्या बुजलेल्या. विश्रांतीत पायाला लागतं तेवढं रक्त पोचत होतं, धावताना लागतं तेवढं पोचत नव्हतं, म्हणून स्नायू बोंब मारत होते. माणसात हीच गोष्ट शार्को या डॉक्टरने १८५८ मध्ये दाखवली, म्हणजे घोडीनंतर सत्तावीस वर्षांनी. घोड्याचा मालक पाय बघतो, माणूस आपला बघत नाही, हे फक्त आमच्या जिल्ह्याचं वैशिष्ट्य नव्हे, एवढं समाधान यातून घ्यावं. जर्मनीत तर असे रोगी पिंढरीची कळ लपवायला दुकानांच्या काचांपुढे थांबून आतला माल बघत राहतात असं म्हणतात. यवतमाळला काचेची गरज नाही. कोणाच्याही दारात थांबून "काय म्हणता" एवढं म्हटलं की दहा मिनिटं निघतात.

डॉक्टरांकडे गुरुजींना आडवं झोपवून दंडाचा रक्तदाब घेतला आणि मग तोच पट्टा घोट्याच्या वर बांधला. गुरुजींनी नर्सला समजावलं, "बाई, बीपी वरतं असते." तिने त्यांच्या शाळेतल्यासारखंच गप्प राहायला सांगितलं. पेनासारखं एक यंत्र घोट्यावर टेकवलं आणि त्यातून रक्ताचा घुस्स-घुस्स आवाज ऐकला. घोट्याचा दाब दंडाएवढा किंवा थोडा जास्तच यायला हवा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून उत्तर ०.९ किंवा त्याखाली आलं, तर पायाच्या धमनीत वाट अडली आहे असं धरतात. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना भागाकार शिकवला आणि शेवटी स्वतःच त्यात कमी पडले.

डॉक्टरांनी मग पाय बघितला, नीट, खाली बसून. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार, अंगठ्याचं नख जाडजूड. गुरुजींचं म्हणणं केस पायजम्याने घासून गेले. मग डॉक्टरांनी विचारलं, रात्री झोपेत पाय दुखून खाली लोंबकळत सोडावासा वाटतो का, बोटांवर न भरणारी जखम आहे का. ती पायरी आलेली नव्हती. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून गोळ्या दिल्या आणि वर हुकूम दिला, "चाला."

"चालता येत नाही म्हणून तर आलो!"

"दुखायला लागलं की जरा रेटा, मग थांबा. कळ गेली की परत चाला. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने तरी."

"म्हणजे मी आता करतो तेच?"

"तेच. फक्त थांब्यांतून पानठेला वगळा."

पायाच्या या आजारावर थांबत थांबत चालणं हाच जुना आणि पक्का उपचार आहे. स्नायू कमी रक्तात काम काढायला शिकतात आणि कळ लागण्याआधीचं अंतर हळूहळू वाढत जातं. गुरुजींना मात्र आपण इतकी वर्षं फुकट उपचार घेत होतो आणि शेजारीच फुकट नसलेलं विष, हे पचवायला वेळ लागला.

सोबत आलेल्या काकू दाराशी उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती, पण बाई उभीच राहते. डॉक्टरांची नजर त्यांच्या घोट्यांकडे गेली. काकू म्हणाल्या, "मले काही नाई जी. संध्याकाळी पाय जड होते आन् चपलीचा पट्टा रुतते, तेवढंच." लुगडं बोटभर वर घेतलं तर पिंढरीवर निळ्या-हिरव्या शिरांची वेटोळी, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडलेली. तिथे खाज येते म्हणून त्या खोबरेल लावत होत्या. किती वर्षं? धाकटीच्या वेळेपासून. धाकटीचं आता लग्न झालं.

नवऱ्याच्या पायात रक्त पोचत नव्हतं, बायकोच्या पायातून परत निघत नव्हतं. खाली जाणाऱ्या रक्तामागे हृदयाचा रेटा असतो. वर परतणारं रक्त पिंढरीच्या स्नायूंच्या भरवशावर. पाऊल टाकलं की स्नायू शिरांना पिळतो आणि रक्त वर ढकलतो, आणि शिरेतल्या झडपा ते पुन्हा खाली घसरू देत नाहीत. माणूस तासन् तास एकाच जागी उभा राहिला, किंवा झडपा सैल पडल्या, की त्या रक्ताची मुक्कामी एस.टी. होते. संध्याकाळी गावात येते, रात्रभर पारापाशी उभी राहते, आणि पहाटे सगळे आडवे झालेले असताना परत निघते. म्हणून सूज संध्याकाळी दिसते आणि सकाळी गायब असते, आणि म्हणूनच सकाळच्या ओपीडीत बाई सांगते, "आता नाही दिसत, पण रात्री दिसते." असे पाय शिक्षकाचे, वाहतूक पोलिसाचे, न्हाव्याचे, तर्रीपोह्याच्या गाडीवाल्याचे, आणि सकाळी पाचपासून ओट्यापुढे उभ्या असलेल्या बाईचे. शेवटचा हुद्दा बिनपगारी असल्यामुळे केसपेपरवर तो "गृहिणी" असा लिहिला जातो, म्हणजे डॉक्टरला वाटतं ही घरी बसलेली असते.

काकूंना घट्ट मोजे लिहून दिले. या मोज्यांचा उगमही अशाच एका पायातला आहे. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या अमेरिकेतल्या इंजिनिअरला स्वतःलाच शिरा फुगायचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटतं हे त्याच्या ध्यानात आलं. पाण्याचा दाब घोट्यापाशी जास्त आणि वर कमी कमी होत जातो, तोच दाब त्याने मोज्यात विणला. तल्लख माणूस. पण त्याला मे महिन्याच्या यवतमाळमध्ये, पंचेचाळीस अंशांत, कूलरमधलं पाणी संपलेलं असताना ते मोजे चढवून दाखवायला लावायला हवं होतं. मोजे सकाळी उठायच्या आधी, सूज नसताना घालायचे असतात. काकूंच्या घरी नळाला पाणी पहाटे येतं. मग पाणी भरून मोजे घालायचे, की मोजे घालून पाणी भरायचं, यावर चार दिवस परिषद चालली. (निकाल: पाणी गुरुजी भरतील. त्यांनाही चालायचंच होतं.) बाकी उपाय फुकटाचे होते. ओट्यापुढे उभं असताना टाचा वर-खाली करायच्या, निवडण-टिपण बसून करायचं, दुपारी पाय भिंतीला टेकून छातीपेक्षा उंच ठेवून वीस मिनिटं पडायचं. हा शेवटचा उपाय सगळ्यात अवघड गेला. दुपारी बाई पाय भिंतीला लावून पडलेली दिसली की घराचा धीर सुटतो. सूनबाईने तर लगेच नणंदेला फोन केला.

घरात एक औषध आलं की ते सगळ्यांचं, हा आपला नियम. पंधरा दिवसांनी गुरुजींनीही तेच मोजे ओढले, "पायच तर आहेत दोघांचे." हे मात्र धोक्याचं. ज्याच्या पायात आधीच रक्त कमी पोचतंय त्याने वरून घट्ट मोजे आवळले तर पोचतं तेही अडतं. घोट्याचा दाब मोजल्याशिवाय असे मोजे घालूच नयेत. सुदैवाने ते गुरुजींच्या टाचेच्या वर गेलेच नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण देतात. माणसाच्या वाट्याला शेक येतो तो हमखास चुकीच्या वेळी. साखरवाल्याच्या तळपायाची जाणीव गेलेली असते, त्याला चुलीवरची वीट फडक्यात गुंडाळून लावतात, आणि तो "बरं वाटते" म्हणतो, कारण भाजतंय हे त्याला कळतच नाही. अशांची चप्पल पायातून निसटते आणि ते दोन घरं पुढे जाऊन कोणी सांगितल्यावर परत येतात. नवरात्रात यवतमाळची दुर्गादेवी बघायला अर्धा विदर्भ लोटतो. यवतमाळकरांना विचाराल तर कोलकात्यानंतर आमचाच नंबर. त्या गर्दीत नऊ दिवस अनवाणी फिरण्याचा नवस असणारे पुष्कळ. साखर असलेल्याने तो नवस दुसऱ्या कशावर तरी वळवावा, खर्ऱ्यावर वळवला तर देवीलाही आवडेल. आणि रात्री तळपायाखाली आरसा धरून काच, काटा, फोड बघावा. खुरात खडा नाही ना हे बैलाला विचारून कोणी बघत नाही, उचलूनच बघतात.

चोळण्याचंही तसंच. आमच्याकडे आजी नावाच्या संस्थेचा मोहरीच्या तेलावर अढळ विश्वास आहे, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण एकच पाय अचानक सुजला, पिंढरी दुखते, ताठली आहे, हाताला गरम लागते, तर तिथे तेलाची वाटी बाजूला ठेवायची. आतल्या शिरेत गुठळी असू शकते, आणि चोळून ती सुटून फुप्फुसात गेली तर दम लागून माणूस जातो. हे त्याच दिवशी दवाखान्याचं काम. याच्या उलट, पाय एकाएकी गार आणि पांढरा पडून भयंकर दुखायला लागला, बोटं हलेनात, तर धमनीच बंद पडलेली असते आणि हातात जेमतेम सहा तास असतात. गाडी, मामा आणि फोन हा सगळा सरंजाम अशा वेळी पायासाठी काढावा.

गुठळीची आवडती संधी म्हणजे तासन् तास एका जागी बसणं. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक तळघरांत आरामखुर्च्यांवर रात्र काढत, आणि बॉम्बने न मेलेले काही जण सकाळी उठता उठता कोसळत. कीथ सिम्पसन या डॉक्टरने शोधलं की खुर्चीची कड मांडीखाली रुतून, पाय तसेच लोंबकळत राहून शिरांत रक्त गोठत होतं. खुर्च्या काढा, आडवं झोपायची सोय करा, असं त्याने सुचवलं. आमच्याकडे बॉम्ब नाहीत, पुण्याची ट्रॅव्हल्स आहे. यवतमाळहून रात्रभर, गुडघे पुढच्या सीटमध्ये रुतवून, पायाखाली कोणाचा तरी तुरीचा कट्टा. पूर्वी मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला होती, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीची, अरुंद रुळांची. ती इतकी निवांत चालायची की उतरून पाय मोकळे करून पुन्हा चढणारे लोक प्रत्येक घरच्या गोष्टींत आहेत. पायांच्या दृष्टीने तिच्याइतकी आरोग्यदायी गाडी पुन्हा झाली नाही. आता वर्ध्याहून रुंद रूळ निघालेत, ते २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचले. तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेऊन पुढे सरकतील.

गेल्या दिवाळीनंतर गुरुजी आणि काकू नातवाला बघायला पुण्याला गेले. निघण्याआधी डॉक्टरांनी बजावलं होतं. बसल्या बसल्या पंजे पुढे दाबा, मागे ओढा, दर तासाला थोडा वेळ, आणि ढाब्यावर गाडी थांबली की झोप लागली असली तरी उतरा. काकू मोज्यांत, गुरुजी बिनमोज्यांचे, दोघांनी मालेगाव मागे पडल्यापासून पंजे हलवायला सुरुवात केली. शेजारच्या सीटवरचा कॉलेजातला पोरगा बराच वेळ बघत होता. घाटाचं वळण आलं आणि गुरुजींचे दोन्ही पाय जोराने पुढे दाबले गेले तेव्हा त्याला राहवलं नाही.

"आबाजी, इतकं भेव काऊन घेता? डायव्हर चांगला हाय. तुमी ब्रेक नका मारू."

"ब्रेक नाही मारून रायलो, बापू," गुरुजी म्हणाले, "पंप मारून रायलो. तूही मार, अजून वाशीम यायचं हाय."

"वाशीम गेलं ना आबाजी मघाच."

"मग तर मारच," काकू म्हणाल्या.